भार कुणावर, ते आधी बघ

परवा तुझा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. तुझा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. सबटायटल्सच्या कामात तुझं एक वाक्य अडलं होतं. सिनेमातली सत्तरीची बाई चार जिने चढून येते, शेवटच्या पायरीवर बसकण मारते आणि म्हणते, माझे पाय हेवी झालेत. तू आधी ‘माझे पाय जड झाले आहेत’ असं लिहिलंस. वाचून वाटलं, हिला पुढे जायचंच नाहीये. मग ‘पाय भारी झालेत’ लिहिलंस आणि दचकलीस, कारण हिंदी सिनेमे बघून वाढलेल्या कुणालाही त्यावरून बाईला दिवस गेलेत असंच वाटणार. “आत्या, या हेवीला मराठीत नक्की शब्द कुठला?” असं तू विचारलंस.

नक्की असा एक शब्द नाही. असता तर माझी निम्मी रात्रपाळी झोपण्यात गेली असती. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. सवडीने वाच, आणि पटेल ते वहीत उतरवून घे.

मी वर्तमानपत्रात लागले तेव्हा इंग्रजी बातम्या टेलिप्रिंटरवर यायच्या. यंत्र रात्रभर खडखडत असायचं आणि कागदाची भेंडोळी जमिनीवर लोळायची. पहिल्याच पावसाळ्यात मी ‘भारी पावसाची शक्यता’ असं लिहून दिलं. आमच्या मुख्य उपसंपादकांनी ‘भारी’भोवती लाल गोल काढला, मला खुर्चीजवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “विशेषणाला शेवटी हात लावायचा. आधी नाम बघ. मग भार कुणावर पडतोय ते बघ.” एवढंच बोलून ते पुढच्या कागदाकडे वळले. त्यांना हे त्यांच्या वरिष्ठांनी असंच सांगितलं होतं म्हणे. आता मी तुला सांगते.

पावसापासूनच सुरू कर. हवामान खात्याच्या भाषेत हेवी हे माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेवी, ११५.६ ते २०४.४ म्हणजे व्हेरी हेवी, आणि त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. मराठीत आपण मुसळधार, अतिमुसळधार, अत्यंत मुसळधार अशी उतरंड लावतो. म्हणून अंदाजाच्या बातमीत नुसतं चांगलं दिसतं म्हणून धुवांधार, तुफान असलं काही घालू नकोस. होडी बाहेर काढायची की नाही, शाळा भरवायची की नाही, हे लोक त्या शब्दावरून ठरवतात. ‘अतिवृष्टी’ तर त्याहून जपून वापर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरतात, आणि पुढचे पंचनामे, नुकसानभरपाई त्यावर चालते. ज्याच्या मंडळात पन्नासच मिलिमीटर नोंद झाली त्या शेतकऱ्याने तुझ्या बातमीत ‘अतिवृष्टी’ वाचली आणि आशेने तलाठ्याकडे गेला, तर त्याचा हेलपाटा तुझ्या शब्दामुळे.

पाऊस पडून गेल्यावरची बातमी मात्र वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तक्त्यात तोही एक्स्ट्रीमली हेवी, आणि २०५ मिलिमीटर झाला असता तर तोही त्याच रकान्यात. अशा वेळी विशेषण सोडून दे, आकडा दे, आणि क्रियापदाला कामाला लाव. पाऊस कोसळला, शहराला झोडपलं, रूळ बुडाले, घरात पाणी शिरलं. मराठी वाक्याचा जोर बहुतेक वेळा क्रियापदात असतो, हे तुला पुढेही उपयोगी पडेल. आणि मराठवाड्या-विदर्भाकडे तीन-तीन दिवस पाऊस धरून राहतो तेव्हा ‘झड लागली’ म्हणतात. तिथे मुसळ नेऊ नकोस.

आता जमीन. हेवी सॉइलला आपल्या शेतकऱ्याचा तयार शब्द आहे, भारी जमीन. तिच्या उलट हलकी. पण हे वजनावरून पडलेलं नाव नव्हे. एकाच मापाचे दोन डबे घेऊन एकात कोरडी वाळूची माती भरली आणि दुसऱ्यात चिकणमाती, तर साधारणपणे वाळूचाच डबा जड निघतो. मग काळी माती भारी कशी? पावसात ती नांगराच्या फाळाला धरते, खुरांना थापली जाते, ओढता ओढता जनावर घामाघूम होतं. भार बैलावर आहे. इंग्रजी शेतकऱ्यानेही ती हेवी ठरवली ती नांगराच्या घोड्याकडे बघून. इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पुढे फाटा फुटतो. आपल्या ‘भारी’त जमिनीचा कसही आला, खोल काळी, ओल धरणारी, कापसाची. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात हेवी सॉइल ही बहुधा तक्रार असते, पाणी मुरत नाही, मुळं कुजतात. तिथे ‘भारी जमीन’ लिहिलंस तर तक्रारीचं कौतुक होऊन बसतं. ‘निचरा न होणारी चिकण जमीन’ असं सरळ लिही.

पाण्यात याहून मोठी गफलत होते. हेवी वॉटरला मराठीत जड पाणी म्हणतात आणि तो शब्द चोख आहे, कारण इथे खरंच तराजूचा मामला आहे. साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्यूटेरियम, बसलेला असतो. त्यामुळे हे पाणी नेहमीच्या पाण्यापेक्षा साधारण ११ टक्के जड भरतं, इतकं की त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, तळाला जातो. अलिबागजवळ थळला ते तयार करण्याचा कारखाना आहे, आणि तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते वापरतात. पण खेड्यात कुणी “आमच्या बोअरचं पाणी जड आहे” म्हणालं, तर त्याचा अर्थ डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग धरतात. ते इंग्रजीतलं हार्ड वॉटर. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हटलंय, नेमका शब्द आहे, फक्त विहिरीवर तो कुणी बोलत नाही. म्हणून अणुऊर्जेवरचा लेख आला की पहिल्या उल्लेखालाच ‘ड्यूटेरियमयुक्त जड पाणी’ लिहून टाक, पुढे नुसतं ‘जड पाणी’ चालेल. आणि ग्रामपंचायतीचा पाणी-अहवाल आला तर ‘क्षारांचं पाणी’ लिही. घरातली बाईसुद्धा वाचेल.

आता एक चूक सांगते, माझीच. बरीच वर्षं झाली, पण विसरलेली नाही. बायकांच्या आरोग्याचं एक पत्रक माझ्याकडे भाषांतराला आलं होतं. त्यात हेवी ब्लीडिंग असा शब्द होता, पाळीच्या दिवसांतला. मी ‘अतिरिक्त रक्तस्राव’ असं लिहिलं. शब्द शुद्ध होता, मला बरा वाटला होता. छापण्याआधी एका गावात ते वाचून दाखवायचं ठरलं आणि मी सोबत गेले. अंगणवाडीच्या ओसरीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. नर्सबाईंनी वाचलं, ‘अतिरिक्त रक्तस्राव होत असल्यास दवाखान्यात जावे.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मग मागे बसलेली एकजण, चेहरा कागदासारखा पांढरा, नखं फिकी, हळूच म्हणाली, “अतिरिक्त म्हणजे किती? माझं जातं तेवढं सगळ्यांचंच जात असेल ना?”

वैद्यकाच्या पुस्तकात त्याला उत्तर आहे, एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त. पण ते मोजणार कोण, आणि कशात? आम्ही तिथेच ओसरीवर बसून वाक्य नव्याने लिहिलं, आणि सगळे शब्द त्या बायकांनी दिले. अंगावरून फार जात असेल, म्हणजे तासा-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावं लागत असेल, रात्री त्यासाठी उठावं लागत असेल, गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर चालू राहत असेल, तर दवाखान्यात जा. एका विशेषणाचं चार ओळींचं वाक्य झालं. मागची ती बाई ते ऐकून नर्सबाईंच्या शेजारी येऊन बसली. तेव्हापासून शरीराबद्दलचं काहीही आलं की मी एका शब्दाला एक शब्द शोधत नाही. ज्या बाईला होतंय तिला काय दिसतं, काय करावं लागतं, ते लिहिते. जागा कमी पडते म्हणून संपादक कुरकुरतील. कुरकुरू देत.

बाकीचे पटापट सांगते, कारण यात विचार करण्यासारखं फार नाही, मराठीने जोड्या आधीच लावून ठेवल्यात. धुकं दाट, झोप गाढ, बंदोबस्त कडेकोट, मतदान भरघोस, दंड जबर, नुकसान अतोनात, लढाई तुंबळ, समुद्र खवळलेला. कर्जाचा डोंगर. मेकअप भडक, साडी भरजरी. दोन उमेदवारांत एक हेवी असेल तर त्याचं पारडं जड. राजकारणातला हेवीवेट म्हणजे मातब्बर. जेवणात थांबून विचारायचं: पोटभर झालं की पचायला जड आहे? साबुदाण्याच्या खिचडीची एक वाटी पोटभर नसते, पण पचायला जडच. गरोदर बाईला इंग्रजीत हेवी म्हणतात तिथे आपण अवघडलेली म्हणतो, आणि त्या शब्दात तिचं उठणं-बसणं, कमरेवर हात ठेवून चालणं सगळं दिसतं. आवाज हेवी असेल तर तीन वाटा आहेत: माणूस रुबाबाचा असेल तर भारदस्त, सर्दी असेल तर घोगरा, आणि रडू दाबत असेल तर गळा दाटलेला.

यंत्र, वाहन, उद्योग आले की ‘अवजड’. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते ना, अवजड वाहनांना बंदी, तोच. त्यात वजनाबरोबर हलवायला, वळवायला कठीण हा अर्थ आहे, म्हणून तो रोडरोलरला शोभतो, पोत्याला शोभत नाही. मनोहर जोशी १९९९ मध्ये केंद्रात ज्या खात्याचे मंत्री झाले ते अवजड उद्योग खातं. पुस्तकाची भाषा हेवी असेल तर ती बोजड, त्याहून गुंतागुंतीची असेल तर जडजंबाल. आणि छंदशास्त्रावर काही आलंच तर हेवी सिलॅबल म्हणजे गुरू अक्षर. गुरू म्हणजे मुळात जड, गुरुत्वाकर्षण त्यातूनच आलं. संस्कृताने हे काम आपल्यासाठी फार पूर्वी करून ठेवलंय, तिथे नवा शब्द घडवत बसू नकोस.

कधी कधी हेवीला हातच लावायचा नाही. मुंबईत भाड्याचं घर बघणारा माणूस हेवी डिपॉझिट म्हणतो, मोठी रक्कम एकदम द्यायची आणि महिन्याचं भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही. ट्रकवाला म्हणतो, माझ्याकडे हेवी लायसन आहे. पात्राच्या तोंडी हे शब्द आले तर तसेच राहू देत, ते आता मराठीच झालेत. तोच परवाना आरटीओच्या नियमात आला तर मात्र ‘अवजड वाहन चालवण्याचा परवाना’ असं पूर्ण लिहायचं.

‘जड अंतःकरणाने निरोप’ शक्यतो टाळ. शब्द वाईट नाही, पण आम्ही पेपरवाल्यांनी तो प्रत्येक अंत्ययात्रेला आणि दरवर्षीच्या विसर्जनाला वापरून पार झिजवला. जो निरोप देतोय त्याचं अंग काय करत होतं ते बघ. तुझे आजोबा मुलीला सासरी पाठवताना रडले नाहीत. टांग्याच्या चाकाला हात लावून उभे राहिले आणि टांगा हलला तरी त्यांना हात काढायचं सुचलं नाही. मी आत बसले होते, मला तो हात दिसत होता.

वहीबद्दल. शब्दकोश जवळ ठेवच. मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश अजून वाचण्यासारखा आहे, त्यात रोजच्या बोलण्यातले मराठी शब्द भरपूर सापडतात. पण स्वतःची वही वेगळी कर, आणि तिच्यात नोंद हेवीच्या नावाने करू नकोस, नामाच्या नावाने कर: पाऊस, जमीन, पाणी, झोप, आवाज, पाय. समोर ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंस तेही लिही. बसमध्ये, भाजीवालीकडे, दवाखान्याच्या बाकावर कान उघडे ठेव. भाषांतर झालं की इंग्रजी पान उलटं घाल आणि मराठी मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण कर.

आता तुझी जिन्यावरची बाई. तिचा भार कुणावर आहे? तिच्याच पोटऱ्यांवर. माझी आई संध्याकाळी विहिरीवरून शेवटची घागर आणून ओट्यावर टेकायची, पाय लांब करायची आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबत जे म्हणायची, तेच लिही: “पाय भरून आलेत गं.” पडद्यावर दोन सेकंदांत वाचून होतं, मी घड्याळ लावून बघितलं.