जुन्या डिझेल जीपची घटलेली ओढ आणि काळा धूर : जयपूरच्या धुळीतील एक निदान

जयपूर शहरातील दुर्गापुरा येथे राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे, तर जयपूरच्या पश्चिमेस जोबनेर येथे श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठ आहे. कोरडवाहू शेतीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या आपल्याकडील गटांना ही दोन्ही ठिकाणे उपयुक्त वाटतात. मे महिन्यातील अशाच एका दौऱ्यात आमच्या गटासाठी भाड्याने घेतलेल्या जुन्या टर्बो डिझेल जीपने जो धडा दिला, तो ट्रॅक्टर, पिकअप अथवा जीप वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामी येईल, म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

उन्हाळ्यात या भागात सायंकाळी धुळीचे वादळ उठते. स्थानिक लोक त्यास ‘आंधी’ म्हणतात. आदल्या रात्री अशी आंधी येऊन गेली होती. सकाळी जीप नेहमीप्रमाणे सुरू झाली, परंतु शहराबाहेरील चढावर तिची ओढ एकाएकी संपली. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाईना आणि मागे काळ्या धुराचा लोट उठू लागला. जवळच्या कारागिराने धूर पाहताच निर्णय दिला : पंप व नोझल उतरवावे लागतील, कदाचित इंजिनही खोलावे लागेल. दोन दिवस आणि मोठी रक्कम जाणार, हे उघड होते. चालकाने हातास पाना लावू देण्यापूर्वी थोडा वेळ मागून घेतला, हे बरे झाले.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानी घ्यावी. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान बारा किलो हवा लागते. जयपूरच्या उन्हाळी तापमानात तिचे आकारमान दहा हजार लिटरांहून अधिक भरते. म्हणजे इंजिन हे इंधन पिणाऱ्या यंत्रापेक्षा हवा ओढणारे यंत्र अधिक आहे. इंधन पुरेसे आणि हवा अपुरी असेल, तर न जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो, तोच काळा धूर. याउलट इंधनच अपुरे पडत असेल, उदाहरणार्थ डिझेल फिल्टर तुंबला असेल, टाकीत पाणी असेल किंवा नळीतून हवा शिरत असेल, तर ओढ घटते पण धूर वाढत नाही. एवढ्या एका भेदाने तपासाचे अर्धे काम होते. ओढ गेली व काळा धूर वाढला, तर प्रथम हवेचा मार्ग पाहावा. ओढ गेली व धूर नाही, तर प्रथम इंधनाचा मार्ग पाहावा. नोझल गळत असल्यास अथवा पंपाची वेळ चुकल्यासही काळा धूर येतो, परंतु हे दोष बहुधा हळूहळू वाढतात, एका रात्रीत उद्भवत नाहीत.

उष्णतेचा वाटाही असतो, तो नाकारता येत नाही. पंधरा अंशांच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांना हवा सुमारे नऊ ते दहा टक्के विरळ होते, आणि जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंच असल्याने आणखी पाचेक टक्के घट होते. पण हे रोजचेच आहे. काल धावणारी गाडी आज थांबते, तिचे कारण हवामानात शोधू नये.

तपासास आरंभ करण्यापूर्वी दोष खरोखर इंजिनात आहे का, हे पाहिले. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी पुढे जात नाही. ब्रेक चिकटले असतील तर थोडे अंतर चालवल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले लागते. दोन्ही ठीक होते.

त्यानंतर एअर क्लीनर उघडला. कागदी गाळणी तांबूस धुळीने अक्षरशः लिंपली गेली होती. नवी बसविली. गाडी ताशी पंचावन्नापर्यंत गेली, धूर मात्र थोडाच कमी झाला. बहुतेक जण या टप्प्यावर ‘आता पंपच’ असे म्हणून मोकळे होतात. आम्ही गाडी सावलीत, धूळ नसलेल्या जागी उभी करून गाळणी अगदी मिनिटभर काढून ठेवली आणि फेरे वाढविले. धूर तसाच राहिला. याचा अर्थ, अडथळा गाळणीच्या पुढे होता.

गाळणी व टर्बो यांना जोडणारी जाड रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. एकाने ॲक्सिलरेटर दाबला व दुसऱ्याने पंख्यापासून हात दूर ठेवून नळीकडे पाहिले, तेव्हा फेरे वाढताच ती मध्यभागी किंचित आत खेचली जात असल्याचे दिसले. नळी उतरवून आत पाहिले तर आतील अस्तर रबरापासून सुटून पडद्यासारखे लोंबत होते. कार्यकारणभाव आता स्पष्ट झाला. नळी जुनी होतीच. आंधीने गाळणी तुंबताच टर्बोची ओढ नळीवर अधिक पडू लागली, आणि सैल झालेले अस्तर आत खेचले जाऊन वाट बंद करू लागले. मंद गतीत ओढ कमी असते, म्हणून उभ्या गाडीत काहीच जाणवत नव्हते. नवी नळी बसताच काळा लोट थांबला. पंपाच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ होता.

एक मोह मात्र टाळावा. गाळणी काढून टाकल्याने गाडी बरी चालते असे पाहून काही चालक तशीच ती पुढे दामटतात. वाळूमिश्रित धूळ सिलिंडरमध्ये गेल्यास पिस्टन रिंगा व सिलिंडरची भिंत घासली जाते, कॉम्प्रेशन घटते आणि मग खरोखरच इंजिन खोलावे लागते. गाळणीनंतरच्या नळीत बोट फिरवून पाहावे. बोटास धूळ लागल्यास गाळणीची बैठक किंवा एखादी क्लिप सैल आहे असे समजावे. कागदी गाळणी दगडावर आपटू नये. कमी दाबाची हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी. सोयाबीनच्या मळणीच्या हंगामात मळणी यंत्राशेजारी चालणाऱ्या ट्रॅक्टरची अवस्था आंधीतील जीपपेक्षा फारशी वेगळी नसते. ऑइल बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमध्ये तेल खुणेपर्यंतच भरावे व गाळ साचताच बदलावे. जास्त भरलेले तेल इंजिनात खेचले जाऊ शकते.

निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. टर्बोच्या गाडीत ओढ घटून एकाएकी दाट निळा धूर आल्यास टर्बोची सील फुटल्याची शक्यता असते, आणि तेव्हा गाडी चालविणे धोक्याचे होय. इंजिन स्वतःचेच तेल पिऊन चावी बंद केल्यावरही बेफाम फिरू शकते. अशा वेळी गिअरची गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडावा व इंजिन बंद पाडावे. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ येऊन थांबत असेल तर चिंता नको. तो टिकून राहिला, कूलंट कमी होऊ लागले आणि डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट गेले असे धरून इंजिन तत्काळ बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

धूर लपविण्याचाही एक प्रकार प्रचलित आहे. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांस प्रदूषण चाचणीत ६५ हार्ट्रिज एककांची, तर बीएस-४ वाहनांस ५० एककांची मर्यादा आहे. ती गाठण्यासाठी पंपाचा इंधन स्क्रू आवळून देतात. धूर घटतो, प्रमाणपत्र मिळते, पण ओढही जाते आणि तुंबलेली नळी जागच्या जागी राहते. आमच्या जीपचा स्क्रू कोणी हलविला नव्हता, म्हणूनच निदान सोपे झाले.

ती जुनी नळी आम्ही सोबत आणली. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणात ती उभी कापून दाखवितो. लोंबणारे अस्तर प्रत्येक जण बोटाने उचलून पाहतो, आणि मग आपापल्या ट्रॅक्टरची नळी दाबून पाहायला बाहेर जातो.