पटकी आणि शास्त्रांचीं निरनिराळीं मापें

सोनार गुंजेनें तोलतो, वाणी पायलीनें मापतो. म्हणून दोघांपैकीं एक लबाड ठरत नाहीं. शास्त्रांचेंही असेंच आहे. परंतु खेड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस असें ऐकावें लागतें कीं, पटकी जंतूनें होते असें एक विद्वान म्हणतो, घाण पाण्यानें होते असें दुसरा म्हणतो, समुद्र तापल्यानें वाढते असें तिसरा छापतो. त्यांपेक्षां मरीआईचा गाडा शिवेपार लोटणारे वाडवडील काय वाईट? ह्याचें उत्तर आपल्या मंडळीस देतां यावें म्हणून हा धडा लिहीत आहों.

सन १८५४ सालीं लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीट ह्या रस्त्याच्या आसपास पटकीनें शेंकडों माणसें मेलीं. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनीं घरोघर चौकशी केली, तेव्हां बहुतेक मृत्यु एका पंपाभोंवतीं आढळले. पंपाचा दांडा काढण्यांत आला. स्नो ह्यांचें माप गल्ली व घर हें होतें. जंतु कोणता तें त्यांस सांगतां आलें नाहीं. त्याच वर्षीं इटलींत फिलिप्पो पाचिनी ह्यांनीं तो सूक्ष्मदर्शकांतून पाहिला, पण त्यांच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यांनीं कलकत्त्यास तो वेगळा काढून दाखविला. मिलिमीटरचे हजार भाग करावे. त्यांतील दोनतीन भाग एवढीच त्याची लांबी.

रसायनशास्त्राचें माप ह्याहूनही बारीक. जंतूचें विष शरीरांतील पाणी व मीठ आंतड्यावाटे बाहेर काढतें. तरी ग्लुकोज नांवाची साखर सोबत असली म्हणजे आंतडें मीठ आंत घेतें आणि पाणी त्यामागून येतें. ह्याच ज्ञानावर १९७१ सालीं बंगालांतील बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठसाखरेचें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आणलें.

आतां समुद्र. बंगालच्या उपसागराचें पाणी तापलें व त्यांतील बारीक वनस्पति वाढल्या म्हणजे त्या खाणारे सूक्ष्म जीव वाढतात, आणि पटकीचा जंतु त्यांच्याच अंगास चिकटून राहतो. हें माप उपग्रहावरून घेतात. पौलानें करिंथकरांस अवयवांविषयीं जें लिहिलें तें शास्त्रांसही लागू पडतें.

आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती साडीची गोष्ट. चौपदरी जुन्या साडीचीं छिद्रें जंतूहून कितीतरी मोठीं; केवळ जंतु मापणारा ह्या उपायास हंसेल. पण ज्या जीवांस तो चिकटलेला असतो ते त्या छिद्रांतून जात नाहींत. रिटा कॉलवेल व त्यांच्या सोबत्यांनीं बांगलादेशांतील ६५ खेड्यांत हें करून पाहिलें. जेथें बायांनीं असें पाणी गाळलें तेथें पटकी सुमारें निम्मी झाली, हें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्याकडे नारूसाठींही पाणी गाळण्यास शिकवीत, हें वडील मंडळींस आठवत असेल. सन २००० मध्यें भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मात्र सुटे जंतु कापडांतून निसटतात. म्हणून सरपण असेल तेथें पाणी उकळावेंच. नसेल तेथें बायबलबाईंनीं पाणवठ्यावर ही घडी घालून दाखवावी, आणि गाळल्यावर कापड स्वच्छ धुवून कडक उन्हांत वाळवावें.