केळ्यांचे पुडिंग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतून केळ्यांनी भरलेली जहाजे न्यू ऑर्लिअन्स बंदरात येऊ लागली. पुढे केळ्यांचे पुडिंग हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील घरोघरीचे पक्वान्न झाले.

त्याची कृती अशी : दूध, साखर, थोडा मैदा व अंड्यांतील पिवळा बलक एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळीत राहावे. येथेच करणाऱ्याची परीक्षा असते. हात थांबला, तर मिश्रण तळाशी लागते. आच वाढली, तर बलकाच्या गुठळ्या होतात. मिश्रण दाट होऊन पळीला धरू लागले, की खाली उतरावे. मग खोल भांड्यात बिस्किटे, त्यांवर पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या व त्यांवर मिश्रण, असे थर रचावेत. चकत्या नीट झाकल्या, म्हणजे हवा लागून काळ्या पडत नाहीत. उरलेला पांढरा बलक साखर घालून फेसावा, वर पसरावा व भट्टीत तांबूस भाजावा. अशा रीतीने अंड्यातील काहीच वाया जात नाही.

पुडिंग लगेच वाढू नये. काही तासांनी बिस्किटे ओल शोषून मऊ होतात व सारे थर एकजीव होतात. उतावळ्याच्या वाट्याला मात्र कोरडी बिस्किटेच येतात!

प्रश्न : मिश्रण सतत का ढवळावे लागते?