अंकांचे वस्त्र

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील मागांवर ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांस छेदतात व कापड सिद्ध होते. अशीच एक वीण अंकांतही आढळते.

केवळ १ हा अंक पुनःपुन्हा लिहून होणाऱ्या संख्यांचे वर्ग पाहावेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अंक पायरीपायरीने चढतात आणि तसेच उतरतात. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग तर १२३४५६७८९८७६५४३२१ इतका भरतो. ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अठरा स्थानांपैकी शेवटचे स्थान परार्ध, त्याच्या अलीकडील ‘मध्य’ या स्थानापर्यंत ही संख्या पोहोचते.

या संख्यांचा छंद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना जडला. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकावर हा विचार त्यांच्या मनात आला, त्याच्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. ते स्थानक म्हणजे भिवंडीजवळचे आजचे डोंबिवली, असे सांगतात.

पण अंक असे चढतात-उतरतात का? नऊ उभ्या आणि नऊ आडव्या रेघा काढाव्यात. त्यांचे छेद ८१ होतात. ते तिरप्या रांगांनी मोजावेत. कोपऱ्यात एक, पुढच्या रांगेत दोन, असे वाढत मधल्या रांगेत नऊ. पुढे आठ, सात, आणि अखेर पुन्हा एक. प्रत्येक छेद म्हणजे गुणाकारातील एक एकं आणि प्रत्येक तिरपी रांग म्हणजे एक स्थान. म्हणूनच या संख्येतील अंकांची बेरीजही बरोबर ८१ येते.

नऊ वेळा खरा ठरलेला हा नियम दहाव्या वेळीही खराच ठरेल, असे कोणासही वाटेल. परंतु दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या रांगेत दहा छेद होतात. एका स्थानी दहा मावत नाहीत, हातचा पुढे जातो आणि वीण उसवते. आठचा अंक चढणीवरून नाहीसाच होतो!

ज्याने केवळ उत्तरे पाहिली, तो येथे फसतो; ज्याने कारण जाणले, तो वीण कोठे उसवणार हे आधीच सांगतो. पुष्कळ उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे.

स्वाध्याय
१. नऊ एकांच्या संख्येपर्यंत वीण का टिकते, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. दहा उभ्या व दहा आडव्या रेघांचे छेद १००. पण वर्गातील अंकांची बेरीज ८२ च येते. उरलेले १८ कोठे गेले, ते शोधा.