शब्दाच्या शेवटी ‘ली’: क्रियाविशेषणाची ओळख

इंग्रजी क्रियाविशेषण शिकविताना ‘ज्याच्या शेवटी ली, ते क्रियाविशेषण’ असा सुटसुटीत नियम मुलांच्या हाती देण्याचा मोह शिक्षकास होतो. नियम उपयोगी आहे; मात्र तो अपुरा आहे.

प्रथम मराठीकडे पाहावे. ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’ या वाक्यांत ‘चांगला’ हा शब्द गाण्याची रीत सांगतो. तरीही तो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘वेल’ हाच शब्द येतो, ‘गुड’ येत नाही. शिवाय मराठी मुलांच्या कानास ‘ली’ परिचित आहे ती ‘आली, बसली’ अशा क्रियापदांतून. म्हणून इंग्रजीतील ‘ली’, म्हणजे एल व वाय ही अक्षरे, निराळी आहे हे आरंभीच सांगावे. ‘शांत’पासून ‘शांतपणे’, तसे ‘क्वाएट’पासून ‘क्वाएटली’, ही तुलना मुलांस चटकन पटते.

यानंतर फळ्यावर शब्द लिहून त्यातील ‘ली’ हाताने झाकावी व मागे काय उरते ते विचारावे.

१. विशेषण उरले, तर तो शब्द बहुधा क्रियाविशेषण होय : स्लो–स्लोली.

२. नाम उरले, तर तो बहुधा विशेषण होय : फ्रेंड–फ्रेंडली. हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीतील ‘शरीर, रूप’ या अर्थाच्या शब्दाशी संबंधित आहे. म्हणून ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा. ‘डेली’ मात्र दोन्ही प्रकारे येतो.

३. अर्थपूर्ण शब्दच उरला नाही, तर ती ‘ली’ प्रत्यय नव्हे : फॅमिली.

उलटपक्षी, काही क्रियाविशेषणांस ‘ली’ लागत नाही. आपल्या भागातील उदाहरण घ्यावे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती व इंदापूर तालुक्यांतून पंढरपूरकडे जाते. पालखी ‘स्लोली’ चालते. परंतु बेलवाडीच्या रिंगणात अश्व ‘फास्ट’ धावतो. ‘फास्टली’ असे म्हणत नाहीत.

‘हार्ड’ या शब्दाविषयी विशेष दक्षता घ्यावी. ‘माय फादर वर्क्स हार्ड’ म्हणजे माझे वडील कष्ट करतात. नियमावर विसंबून मुलाने ‘माय फादर हार्डली वर्क्स’ असे लिहिले, तर ‘माझे वडील जवळजवळ कामच करीत नाहीत’ असा अर्थ होतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढविणाऱ्या, दिवसभर राबणाऱ्या बापाविषयी मुलाच्या हातून असे वाक्य जाऊ नये.

म्हणून शेवटची कसोटी वाक्यातील कार्याचीच ठेवावी. ‘कसे चालते? कसे धावतो?’ असा प्रश्न क्रियापदास विचारावा. उत्तरादाखल येणारा शब्द क्रियाविशेषण समजावा. ‘कसा माणूस?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर ते विशेषण. प्रत्येक मुलाकडून आपल्या घरच्या कामावर अशी दोन वाक्ये तयार करून घ्यावीत व ती वर्गात मोठ्याने वाचून तपासावीत.