इन, ऑन, अंडर शिकवताना

पोरी, पहिली ते चौथीचे वर्ग हाती आलेत तुझ्या. इंग्रजीच्या तासाला लगेच पुस्तक उघडू नकोस. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी पोरं पाचवीत एबीसीडी गिरवायची. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून एकच गोष्ट दिसते. मुलांना बॉल येतो, टेबल येतं, पण दोघांना जोडायची वेळ आली की "बॉल टेबल ऑन" म्हणतात. मराठीतलं 'वर' टेबलाच्या मागून येतं, इंग्रजीतलं ऑन आधी. म्हणून सुटं 'ऑन' कधी शिकवू नकोस. 'ऑन द टेबल' असं एका दमात म्हणून घे. पहिलीचं पोर त्याचे तीन शब्द आहेत हे जाणतही नाही, आणि ते बरंच आहे.

दुसरं, फळ्यावर 'ऑन म्हणजे वर' लिहायचं नाही. गाइडात तसं छापलेलं असतं म्हणून सांगते. आपलं 'वर' फार ऐसपैस. टोपी डोक्यावर, पंखाही डोक्यावर, ढग शिवनेरीवर, पाखरू झाडावर. इंग्रजीत टोपी ऑन माय हेड, पंखा अबव्ह माय हेड आणि पाखरू चक्क इन द ट्री, कारण ते फांद्यापानांच्या आत बसलंय. नियम सांगत बसू नकोस. एका पोराला पुढे बोलाव, टोपी त्याच्या डोक्यावर ठेव. "ऑन." मग टोपी हातभर उचलून धर. "अबव्ह." पुन्हा टेकव, पुन्हा उचल. टेकलं की ऑन, सुटलं की अबव्ह, हे मुलं आपणहून ओरडायला लागतात. मग टोपी त्यांच्या हातात दे आणि तू बाजूला हो.

बोलायला घाई करू नकोस, आधी करू दे. "पुट द पेन्सिल बिहाइंड द बॅग" म्हण आणि हातांपेक्षा डोळ्यांकडे बघ. ज्याला कळलं नाही ते पोर आधी शेजाऱ्याकडे बघतं, मग पेन्सिल हलवतं. म्हणून एक दिवस सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तीच सूचना दे. कोण कुठे अडलंय ते तुला तिथल्या तिथे समजेल, चाचणीची वाट बघावी लागणार नाही. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतली आदिवासी मुलं घरी वेगळं बोलतात. त्यांनी आधी त्यांच्या बोलीत उत्तर दिलं तर अडवू नकोस. समजलंय ना, हे महत्त्वाचं.

वाक्यं मात्र इथलीच घे. परक्या चित्रातलं मांजर आणि खोकं मुलांच्या जिभेवर येत नाही. बिबट्या येतो. "द लेपर्ड इज इन द शुगरकेन", "बिहाइंड द हाउस", "निअर द वेल". कधी तोंड न उघडणारं पोरही यावर बोलतं. मूळ आंबेगाव डिंभे धरणात बुडालं, हे आजोबांकडून ऐकलेलं असतं. "ओल्ड आंबेगाव इज अंडर द वॉटर" एकदा म्हटलं की अंडर पुन्हा शिकवावं लागत नाही.

चौथीला फ्रॉम, टू, थ्रू घे, आणि ते नाणेघाटातूनच घे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल कल्याणकडून याच घाटाने जुन्नरला चढायचा. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या कर, ते डोंगर. मधली फट म्हणजे घाट. एकाच्या खांद्यावर दप्तराचं ओझं दे, वरच्या टोकाला बादली ठेव, तो जकातीचा रांजण. पोर चालू लागलं की वर्ग म्हणतो, "फ्रॉम कल्याण, थ्रू नाणेघाट, टू जुन्नर." खडा टाकला की "इन द जार". बादली आधीच पुढे ठेवलीस तर तिच्यासाठीच भांडणं होतात, ती शेवटी आण.

ॲटच्या वाटेला लवकर जाऊ नकोस. ॲट होम, ॲट स्कूल, ॲट टेन ओ'क्लॉक एवढं पाठ झालं तरी प्राथमिकला पुरे. का म्हणून विचारलं तर "असं म्हणतात" एवढंच सांग.

रिकाम्या जागा भरायला देशील, तेव्हा आधी त्या वस्तू वर्गात मांडून ठेव. मुलांना उठून बघू दे, हात लावू दे, मग लिहू दे. वेळ जातो म्हणून केंद्रप्रमुखांनी विचारलं तर त्यांनाही टोपीचा खेळ दाखव.