भीतीचा जमाखर्च : नव्या विषाणूच्या पहिल्या दिवसांतील लोकमानस

वार्षिक अहवाल हाती घेतला की वाचकांची दृष्टी प्रथम आकड्यांकडे जाते. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती, देणगी किती आणि तूट किती, हे पाहणे देणगीदारांचा व विश्वस्तांचा हक्कच आहे. परंतु रुग्णालयाच्या दारात दरवर्षी अशी एक गोष्ट येते, जिची नोंद आमच्या कोणत्याही खतावणीत होत नाही. ती गोष्ट म्हणजे भीती. नवा विषाणू आल्याची वार्ता पसरते तेव्हा रोगाच्या आधी भीती येऊन पोहोचते, आणि रुग्णालयावर पहिला भार रोगाचा नव्हे, तर तिचाच पडतो. या भीतीचा अभ्यास व्हावा, तिच्यापासून काय शिकावे याचा विचार व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख आपणांपुढे ठेवीत आहोत. अभ्यासासाठी आम्ही सन २००९ मधील स्वाइन फ्लूची साथ निवडली आहे. कारण ती आपल्या पुण्यात घडली, आणि आज तिच्याकडे शांतपणे पाहता येते.

साथीचा घटनाक्रम

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत एच१एन१ या इन्फ्लुएंझा विषाणूचा नवा प्रकार आढळून आला. दिनांक ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित केले. भारतातील पहिला निश्चित रुग्ण मे महिन्यात हैदराबाद येथे आढळला. तोवर हा परदेशातून विमानाने येणारा आजार आहे, अशीच सर्वसामान्यांची समजूत होती. दिनांक ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा या आजाराने मृत्यू झाला. देशातील हा पहिला मृत्यू होता. त्या दिवसापासून विमानतळावरची भीती घरात आली. कारण ते मूल कोणाचेही असू शकले असते, हे प्रत्येक आईबापांच्या मनात आले.

पुढील आठवड्यात पुणे शहराचे रूप पालटले. शाळा व महाविद्यालये बंद झाली, चित्रपटगृहे बंद झाली. दुचाकीवरून जाणारा प्रत्येक जण तोंडाला रुमाल बांधू लागला. एन-९५ मास्क दुकानांतून दिसेनासे झाले आणि मिळाले तर चढ्या भावाने मिळू लागले. दहीहंडीचे अनेक कार्यक्रम रद्द झाले आणि गणेशोत्सव कसा करावा याची चर्चा सुरू झाली.

रांगेचा अभ्यास

या काळातील सर्वांत लक्षणीय दृश्य म्हणजे महानगरपालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयाबाहेरील रांगा. साधी सर्दी झालेले, ताप येऊन गेलेले, काहीच न झालेले पण शेजारी खोकला म्हणून घाबरलेले, असे सर्व जण मुलाबाळांसह तेथे उभे होते. त्याच रांगेत खरोखर आजारी माणसेही होती. श्वासातून व खोकल्यातून पसरणाऱ्या आजारासाठी याहून सोयीची जागा कोणती असणार? निरोगी माणूस तपासणीसाठी यावा आणि आजार घेऊन परत जावा, असा धोका त्या गर्दीतच होता. दुसरा धोका असा की शंभर सौम्य रुग्णांच्या मागे उभा असलेला एक गंभीर रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस उशिरा पडतो.

या रांगेस लोकांचे अज्ञान कारणीभूत होते असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पूर्णतः न्याय्य नाही. सुरुवातीच्या काळात तपासणी व ऑसेल्टामिविर हे औषध ठरावीक शासकीय केंद्रांतच उपलब्ध होते. घशातील व नाकातील स्रावाचे नमुने पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात होते. सन १९५२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आपल्या शहरात असणे हे भाग्यच. पण एका शहराची सर्व चिंता एकाच दाराशी आल्यावर ते दार कितीही मोठे असले तरी अपुरेच पडणार. नंतर शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमान्वये मिळणारे अधिकार वापरले, शहरभर तपासणी केंद्रे उघडली, आणि भार वाटला गेला. यातून मिळणारा पहिला धडा असा : भीती जेथे उत्तर मिळेल असे वाटते तेथे गर्दी करते. उत्तर देणारी ठिकाणे वाढविली की गर्दी आपोआप विरळ होते. उपदेशाने ती होत नाही.

नावाचा परिणाम आणि घरगुती उपाय

साथीच्या नावानेही बराच गोंधळ केला. 'स्वाइन' म्हणजे डुक्कर, म्हणून डुकरांपासून आजार होतो, अशी समजूत झाली. वास्तविक हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता, आणि नीट शिजविलेले मांस खाण्याने तो पसरत नव्हता. तरीही इजिप्त देशात सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश निघाला. कैरो शहरातील कचरा गोळा करणारे जबालीन लोक त्या डुकरांना ओला कचरा खाऊ घालीत असत. डुकरे गेल्यावर कचऱ्याचे ढीग रस्त्यांवर साचले आणि गरिबांचे उत्पन्न बुडाले. साथीला मात्र त्याने अटकाव झाला नाही.

आपल्याकडे रुमालात कापूर व वेलची बांधून हुंगावी, निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकावेत, असे निरोप मोबाइलवरून घरोघर फिरले. अशा उपायांनी विषाणू मरत नाही. परंतु त्यांची थट्टा करण्यापूर्वी त्यांचा अर्थ समजून घ्यावा. संकटात माणसाला हाताला काहीतरी काम हवे असते. कापराची पुरचुंडी बांधणारी आजी आपल्या नातवंडांसाठी काहीतरी करीत होती. तिला त्या वेळी कोणी सांगितले असते की साबणाने हात धुवा, खोकताना तोंड झाका, आजारी मुलाला शाळेत पाठवू नका, ताप असलेल्याची खोली वेगळी ठेवा, तर तिने तेही तितक्याच निष्ठेने केले असते. योग्य काम वेळेवर सांगितले गेले नाही तर ती जागा अफवा भरून काढते.

त्याच शहरातील जुना अनुभव

ज्या कायद्याचा आधार २००९ मध्ये घेतला गेला, तो मुळात प्लेगसाठी झाला होता. प्लेगचे कारण विषाणू नव्हे, जिवाणू. परंतु लोकमानसाच्या दृष्टीने तुलना उद्बोधक आहे. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सोल्जरांकरवी घरांची झडती घेतली जाई आणि रुग्णांना बळाने हलविले जाई. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. असंतोष इतका वाढला की प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर २२ जून रोजी गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाच गावात, एकाच रोगात, एका दाराकडून लोक पळत होते आणि दुसऱ्या दारी विश्वासाने रुग्ण आणले जात होते. २००९ मध्ये लोक रुग्णालयाकडे धावले, याचा अर्थ रुग्णालयावरील विश्वास शाबूत होता. म्हणून त्या रांगेकडे आम्ही केवळ गैरसोय म्हणून पाहत नाही. ती रुग्णालयांच्या नावावर जमा असलेली रक्कम होती. अशी जमा वर्षानुवर्षे साठते आणि एका उद्धट उत्तराने, एका लपविलेल्या माहितीने खर्ची पडते.

दोन आलेख

आता आकड्यांकडे वळू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार स्वाइन फ्लूने देशात सन २००९ मध्ये ९८१ व सन २०१० मध्ये १,७६३ मृत्यू झाले. महासाथ संपल्याची घोषणा १० ऑगस्ट २०१० रोजी झाली, तरी विषाणू गेला नाही. तो दरवर्षीच्या फ्लूचा भाग होऊन राहिला. सन २०१५ मध्ये त्याने २,९९० बळी घेतले. म्हणजे ज्या वर्षी भीती सर्वाधिक होती, त्याच्या सुमारे तिप्पट मृत्यू सहा वर्षांनी झाले. त्या वर्षीही चिंता होती, पण ऑगस्ट २००९ सारखे शहर थबकल्याचे दृश्य दिसले नाही. तसेच क्षयरोगाने २०२३ साली भारतात सुमारे तीन लाख माणसे दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यासाठी कोणी तोंडाला रुमाल बांधीत नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या विषाणूच्या बातम्यांनी देशभर खळबळ उडाली, वास्तविक तो २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता.

भीतीचा आलेख आणि मृत्यूचा आलेख एकावर एक बसत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. नवेपणा संपला की भीती संपते, रोग मात्र राहतो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर भीती ही रोजकीर्द ठेवते, ताळेबंद ठेवत नाही.

तथापि यावरून 'लोक उगाच घाबरतात' असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. सन २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा 'हाही स्वाइन फ्लूसारखा येऊन जाईल' असे म्हणणारेही होते, आणि पुढे काय झाले ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात विषाणूची खरी ताकद तज्ज्ञांनाही पुरती कळलेली नसते. म्हणून त्या काळातील सावधगिरी हा मूर्खपणा नव्हे. २०२० मध्ये भीतीचे दुसरे रूपही दिसले : रुग्णाच्या घरावर बहिष्कार, डॉक्टर व परिचारिकांना 'आमच्या सोसायटीत राहू नका' असे सांगणे, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनास त्याच १८९७ च्या कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून असे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवावे लागले. दिवसभर रुग्णसेवा करून रात्री स्वतःच्या दाराशी अडविली जाणारी परिचारिका, ही भीतीच्या खर्चाची सर्वांत मोठी बाब होय.

नातेवाइकांसाठी

भीती नाहीशी करता येत नाही. तिला काम देता येते. २००९ मध्ये केंद्र शासनाने फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केले. आजही फ्लूसदृश आजारात ही विभागणी उपयोगी आहे.

पहिला गट : सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी. घरी विश्रांती घ्यावी, इतरांत मिसळू नये, एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. यांना तपासणीची गरज नसते.

दुसरा गट : तीव्र ताप व घशात फार दुखणे, अथवा सौम्य लक्षणे असली तरी रुग्ण लहान बालक, गरोदर स्त्री, वृद्ध, किंवा मधुमेह, दमा, हृदय, यकृत वा मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त असणे. यांनी विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध डॉक्टर ठरवतील.

तिसरा गट : धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळसर होणे, बालकाने खाणेपिणे सोडणे. यांना तात्काळ रुग्णालयात आणावे. यांच्यासाठी रांग नसते, नसावी.

हे तीन गट घरातील एका जरी माणसाच्या ध्यानात राहिले, तरी दाराशी होणारी अर्धी गर्दी कमी होईल आणि तिसऱ्या गटातील रुग्ण वेळेवर पोहोचेल. साथीच्या काळात प्रवेशद्वाराशीच ताप-खोकल्याच्या रुग्णांना वेगळे बसविले जाते, तेव्हा त्यात अवमान मानू नये. ती व्यवस्था शेजारी बसलेल्या गरोदर भगिनीसाठी व केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णासाठी असते.

देणगीदारांसाठी

आमच्या बाजूने तीन गोष्टी पाळावयाच्या आहेत. जे ठाऊक आहे ते सोप्या मराठीत फलकावर लिहावे. जे अद्याप ठाऊक नाही ते 'अद्याप ठाऊक नाही' असे मान्य करावे. आणि आज काय करावे, ते प्रत्येकास सांगावे. यास पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

परंतु चौथ्या गोष्टीस पैसा लागतो. विलगीकरणाची खोली, मास्क व हातमोज्यांचा साठा, ऑक्सिजनची जादा व्यवस्था, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व लसीकरण, या बाबी साथ नसताना हिशेबात 'वापरात नाही' अशा दिसतात. रिकामी खाट पाहून 'हिचा उपयोग काय?' असा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की गावातील अग्निशमन बंब वर्षभर उभाच असतो, म्हणून तो कोणी विकत नाही. भीतीच्या दिवसांत देणग्या उदंड येतात, पण त्या दिवसांत मास्क बाजारात नसतात आणि प्रशिक्षित माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत. शांततेच्या वर्षी दिलेला एक रुपया साथीच्या वर्षी दिलेल्या अनेक रुपयांचे काम करतो. म्हणूनच हा विषय साथ चालू नसताना आपणांपुढे मांडीत आहोत.

नवा विषाणू केव्हा व कोठून येईल हे कोणासही सांगता येणार नाही. तो येईल तेव्हा भीती त्याच्या आधी येईल, हे मात्र निश्चित. त्या दिवशी आपल्या रुग्णालयाचे दार उघडे असावे, दाराशी उत्तर देणारा माणूस असावा आणि आत एक खाट रिकामी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.